मेलाटोनिन देऊनही मूल जागंच? डोस वाढवण्याआधी या चुका तपासा

ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये झोपेच्या तक्रारी किती, तर वेगवेगळ्या अभ्यासांत हा आकडा ५० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान येतो. त्यामुळे थेरपी सेंटरच्या बाकावर दोन आया शेजारी बसल्या की विषय झोपेवर जातोच, आणि थोड्या वेळानं एक दुसरीला विचारते, "मेलाटोनिन देऊन बघितलंत का?" एकीच्या मुलाला पहिल्याच रात्री अर्ध्या तासात झोप लागलेली असते. दुसरीचा मुलगा तीच गोळी घेऊन बारापर्यंत गादीवर उड्या मारतो. मग सल्ला मिळतो, "डोस वाढवा."

बहुतेक वेळा गडबड डोसात नसते. ती वेळेत असते, घरातल्या उजेडात असते, किंवा मुळात झोप न येण्याचं कारणच वेगळं असतं.

मेलाटोनिन ही रूढ अर्थानं झोपेची गोळी नव्हे. अंधार पडू लागला की मेंदूतली पिनियल ग्रंथी हे संप्रेरक रक्तात सोडते आणि रात्र झाल्याची वर्दी सगळ्या शरीराला मिळते. शरीराची दिवेलागण म्हणा ना. दिवेलागण झाली म्हणून लगेच कुणी आडवं होत नाही, पण घर रात्रीच्या कामांना लागतं. ऑटिझम असलेल्या काही मुलांत हे संप्रेरक कमी बनतं असं तपासण्यांत दिसलं आहे, आणि ते बनवणाऱ्या एएसएमटी या जनुकातले फरकही काहींत सापडले आहेत. म्हणजे गोळी देण्यामागे शास्त्र आहे. फक्त ते शास्त्र घड्याळाचं आहे, गुंगीचं नाही.

अपेक्षाच चुकीची ठेवणं

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत १२५ मुलांना (बहुतेकांना ऑटिझम) हळूहळू विरघळणारं मेलाटोनिन किंवा दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी दिली होती. १३ आठवड्यांनी मेलाटोनिनच्या गटातली मुलं सरासरी ५७ मिनिटं जास्त झोपू लागली, दुसऱ्या गटातली ९ मिनिटं. झोप लागायला लागणारा वेळ पहिल्या गटात सुमारे ४० मिनिटांनी कमी झाला, दुसऱ्यात १२ मिनिटांनी. ज्या घरात रोज दीड-दोन तासांचा गोंधळ चालतो तिथे हा फरक फार मोठा आहे. पण दहाला झोपून सकाळी सातपर्यंत हूं की चूं नाही, असं वचन यात कुठेही नाही.

इंग्लंडमधल्या २०१२ च्या आणखी एका चाचणीत साधं, लगेच विरघळणारं मेलाटोनिन वापरलं होतं. मुलं लवकर झोपली आणि लवकर उठलीही. एकूण झोप वाढली ती साधारण २२ मिनिटं. लवकर झोप लागली म्हणजे पूर्ण रात्र मिळाली असं गृहीत धरून लोक निराश होतात ते इथेच.

कारण न शोधता गोळी

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. बोलता न येणारं मूल "पोट दुखतंय" असं सांगत नाही. ते ओरडतं, डोकं आपटतं किंवा झोपत नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही आधी हेच सांगतात: झोप बिघडवणारा दुसरा आजार किंवा औषध आहे का ते पाहा, मग झोपेच्या सवयींवर काम करा, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर मेलाटोनिन.

डॉक्टरांकडे जाताना या गोष्टींची नोंद घेऊन जा. मूल घोरतं का, तोंड उघडं टाकून झोपतं का? ॲडेनॉइड (नाकामागची गाठ) किंवा टॉन्सिल वाढले असतील तर झोपेत श्वास अडतो, आणि मेलाटोनिन त्याला काहीही करू शकत नाही. शौचाला खडा होतो का? बद्धकोष्ठता या मुलांत सर्रास आढळते, आणि आपण ती "त्याला सवयच आहे तशी" म्हणून सोडून देतो. जंत, इसब, किडलेला दात, जेवणानंतर आंबट वर येणं हेही पाहा.

लोहाबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. आपल्यापैकी अनेकांची मुलं पांढराच भात, एकाच कंपनीचं बिस्किट आणि दूध यांवर जगतात. अशा खाण्यात लोह कमी पडतं. लोहाचा साठा घटला की रात्री पायांत कसंसंच होतं, पाय सतत हलवावेसे वाटतात, झोपेतही ते झटके देतात. मूल अंथरुणात लाथा झाडतंय आणि आपण समजतो मस्ती चालली आहे. हिमोग्लोबिन ठीक आलं म्हणून समाधान मानू नका. सीरम फेरिटिन, म्हणजे रक्तातून लोहाचा साठा दाखवणारी चाचणी, करायला सांगा. अस्वस्थ पायांच्या तक्रारीत ते ५० च्या खाली असलं तर झोपेचे तज्ज्ञ लोह देण्याचा विचार करतात. लोह मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच. जास्तीचं लोह लहान मुलांना घातक ठरतं.

अतिचंचलतेसाठी मिथाइलफेनिडेट चालू असेल तर दुसरा डोस किती वाजता जातो हे बघा. दुपारी उशिरा गेलेला डोस रात्रीच्या झोपेच्या आड येऊ शकतो. झोपेत विचित्र झटके, एकटक बघणं, गादी ओली होणं असं एकदम सुरू झालं असेल तर आधी न्यूरॉलॉजिस्ट. फिट्स या मुलांत इतरांपेक्षा जास्त आढळतात.

चुकीच्या वेळी देणं

"आम्ही झोपायला टाकलं, तासभर झोपला नाही, मग साडेदहाला गोळी दिली." हे हमखास ऐकू येतं. साधी गोळी झोपायच्या ३० ते ६० मिनिटं आधी द्यायची असते, आणि ती रोज एकाच वेळी. आज नऊला, उद्या अकराला, शनिवारी नाहीच, असं केलं तर शरीराला रोज वेगळ्या गावची संध्याकाळ कळते.

यात आणखी एक खाचखळगा आहे. नेहमीच्या झोपेच्या आधीचे दीड-दोन तास मेंदू उलट जास्त तरतरीत असतो. जे मूल महिनोन् महिने साडेअकराला झोपतंय त्याला नऊला खोलीत नेऊन दिवा बंद केला, तर आपण बरोबर त्या तरतरीत तासात त्याच्याशी कुस्ती मांडतो. गादी म्हणजे भांडण, हेही त्याच्या डोक्यात पक्कं बसतं. त्यापेक्षा आठवडाभर झोपायची वेळ साडेअकराच ठेवा. त्या वेळी झोप पटकन लागू लागली की दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे सरका. गोळीची वेळही सोबत सरकते. सकाळी उठवायची वेळ मात्र रविवारीही तीच, आणि शाळेतून आल्यावर साडेचार ते साडेसहाची ती गाढ डुलकी बंद. वेळखाऊ काम आहे, पण नुसत्या गोळीपेक्षा हे जास्त टिकतं असं माझं मत आहे.

गोळी दिली, ट्यूबलाइट चालूच

डोळ्यांवर पांढरा-निळा उजेड पडला की पिनियल ग्रंथी मेलाटोनिन रोखते. आता आपलं घर बघा. बाबा नऊला येतात, जेवण साडेनऊला, हॉलमध्ये मालिका, वर लखलखीत एलईडी, आणि मुलाच्या हातात घास जावा म्हणून मोबाइल. या सगळ्यात एक मिलिग्रॅमची गोळी काय करणार?

वन रूम किचनमध्ये वेगळी अंधारी खोली कुठून आणायची, हा प्रश्न खरा आहे. पण गोळीनंतरच्या तासापुरता मोठा दिवा बंद करून कोपऱ्यात पिवळा छोटा दिवा लावता येतो. मुलाला आधी जेवू घालता येतं. आजी-आजोबांची मालिका बंद करणं हे बहुधा कुठल्याही डॉक्टरच्या हाताबाहेरचं काम आहे. निदान टीव्हीचं तोंड फिरवा आणि आवाज कमी करा. संध्याकाळच्या चहाचे दोन घोट, कोला आणि रात्रीचं चॉकलेट यांतही कॅफिन असतं, तेही बंद.

ऑटिझम असलेल्या मुलांना पुढे काय होणार हे दिसलेलं बरं वाटतं. गोळी, दात घासणं, शू, नाइट ड्रेस, गोष्ट, दिवा बंद: या सहा चित्रांची पट्टी भिंतीवर लावा आणि रोज त्याच क्रमानं जा. "झोप रे आता" शंभरदा म्हणण्यापेक्षा पट्टीवर बोट ठेवणं पुरतं.

डोसाची शिडी उलटी चढणं

आपल्याकडे ३, ५ आणि १० मिलिग्रॅमच्या गोळ्या सहज मिळतात, म्हणून सुरुवातच पाचनं होते. मार्गदर्शक सूचनांनुसार सुरुवात १ ते ३ मिलिग्रॅमनं, गरज पडली तर सावकाश वाढ, आणि १० च्या वर नाही. हा निर्णय बालरोगतज्ज्ञांचा. दोन वर्षांखालच्या मुलाला तर तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय देऊच नका. इतर औषधं चालू असतील तर ती सगळी सांगा. फ्लुवोक्सामाइन या मानसिक आजारांवरच्या औषधामुळे रक्तातलं मेलाटोनिन कितीतरी पटींनी वाढतं, कार्बामाझेपिन या फिट्सवरच्या औषधामुळे ते घटू शकतं.

आणि गुंगी येते म्हणून सर्दीचं सायरप? नको. अशा औषधांनी काही मुलं उलट जास्तच खवळतात, आणि सर्दीच्या सायरपांत असणारं क्लोरफेनिरामाइन-फेनिलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये असं भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्येच बजावलं आहे.

न्यू जर्सीच्या मावशीनं आणलेल्या गमीज

अमेरिकेत मेलाटोनिन पूरक आहार म्हणून किराणा दुकानात मिळतं, ब्रिटनमध्ये त्यालाच डॉक्टरांची चिठ्ठी लागते. पूरक आहाराला औषधाएवढी कडक तपासणी नसते. २०२३ मध्ये अमेरिकेत मेलाटोनिनच्या २५ गमीज (चघळायच्या गोड गोळ्या) तपासल्या, त्यातल्या २२ वर लिहिलेलं प्रमाण आणि आतलं प्रमाण जुळलं नाही. एकीत तर मेलाटोनिन नव्हतंच, आणि एकीत लिहिल्याच्या तिपटीहून जास्त होतं. कॅनडातल्या २०१७ च्या तपासणीत ३१ पैकी ८ उत्पादनांत चक्क सेरोटोनिन हे मेंदूवर काम करणारं दुसरंच रसायन सापडलं. मावशीचा जीव मोठा, पण डोस नीट मोजायचा असेल तर हा मार्ग नाही. भारतातही पाकिटावर फक्त एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक असेल तर ते अन्नपूरक समजा आणि औषध म्हणून बनवलेली गोळी कुठली घ्यायची ते डॉक्टरांना विचारा.

गमीची चव गोळ्या-चॉकलेटसारखी असते, हा दुसरा धोका. अमेरिकेच्या विषबाधा केंद्रांकडे मुलांनी मेलाटोनिन खाल्ल्याच्या नोंदी २०१२ मध्ये सुमारे ८,३०० होत्या, २०२१ मध्ये त्या ५२,००० च्या पुढे गेल्या. फ्रिजवर चढणारं मूल ज्यांच्या घरात आहे त्यांनी बाटली कुलपातच ठेवावी.

आता नेमक्या तक्रारी

*झोप लागते, पण रात्री दोनला उठून बसतो.* साध्या गोळीतलं मेलाटोनिन तासाभरात निम्मं होतं, त्यामुळे ते पहाटेपर्यंत पुरत नाही. दोन वाजता दुसरी गोळी देऊ नका. सकाळी शाळेत मूल पेंगेल आणि घड्याळ आणखी बिघडेल. डॉक्टरांशी हळूहळू विरघळणाऱ्या गोळीबद्दल बोला. सोबत हेही बघा की मूल झोपताना कशाच्या आधारानं झोपतं. मांडीवर, थोपटत, किंवा मोबाइलवरच्या बडबडगीतांवर झोपत असेल, तर दोनला जाग आल्यावर त्याला तेच पुन्हा हवं असतं. तो आधार रोज थोडा कमी करा: मांडीऐवजी शेजारी, मग पलंगापाशी खुर्चीवर, मग दाराशी.

*गोळी गिळतच नाही.* साधी गोळी कुटून चमचाभर दह्यात किंवा केळ्यात देता येते. हळूहळू विरघळणारी मात्र कुटायची किंवा चावू द्यायची नाही, नाहीतर ती साधीच होऊन बसते. युरोपात २०१८ मध्ये खास ऑटिझम असलेल्या मुलांसाठी मंजूर झालेल्या गोळ्या याच कारणानं जेमतेम तीन मिलिमीटरच्या बनवल्या आहेत.

*पहिले काही आठवडे छान, मग परिणाम गायब.* डोस वाढवायची घाई नको. काही मुलांच्या शरीरात मेलाटोनिन फार सावकाश मोडतं. ते दिवसाही रक्तात उरतं, आणि मग दिवस-रात्रीचा फरकच पुसला जातो. अशांना डॉक्टर काही काळ गोळी थांबवून आधीपेक्षा कमी मात्रेत पुन्हा सुरू करतात. पण आधी खात्री करा की मधल्या काळात सुट्टी, पाहुणे किंवा गणपतीतली जागरणं यांनी वेळापत्रक ढासळलेलं नाही.

*सकाळी पेंगतो, डोकं धरतो, चिडतो.* डोस जास्त झाला किंवा फार उशिरा गेला. गादी ओली होणं, विचित्र स्वप्नं हेही काही मुलांत दिसतं. डॉक्टरांना सांगून कमी करा.

*वयात येण्यावर परिणाम होईल का?* ही भीती सगळ्यांनाच असते. २०१७ च्या त्या चाचणीतल्या मुलांवर पुढे दोन वर्षं लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा उंची, वजन आणि वयात येणं यांत बिघाड दिसला नाही. त्याहून लांब काळाची माहिती तोकडी आहे, म्हणून दर काही महिन्यांनी गोळीची गरज अजून आहे का हे डॉक्टरांसोबत तपासायचं.

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवड्यांची वही भरा: गोळी किती वाजता, दिवा किती वाजता बंद, झोप कधी लागली, रात्री किती वेळा जाग, सकाळी कधी उठला, दुपारी झोपला का, शौचाला झाली का. खासगी डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन (मुलांच्या विकासाचे तज्ज्ञ डॉक्टर) परवडत नसेल किंवा तालुक्यात कुणी नसेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत चालणाऱ्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. लोकांत ते डीईआयसी म्हणून ओळखलं जातं. तिथे अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. वही सोबत न्यायला विसरू नका, कारण पहिल्या भेटीत बहुतेक प्रश्न तिच्यातलेच असतात.