एप्रिल-मेच्या उन्हातही फुलणारी झाडं, आमच्या कोकणातल्या अंगणातली

दरवर्षी होळी झाली की तेच सुरू होतं, नर्सरीतून आणलेली झाडं माना टाकतात आणि लोक म्हणतात आमच्याकडे ऊन फार. ऊन आहेच हो. पण हवामान खातं मैदानी भागात ४० डिग्रीपासून उष्णतेची लाट धरतं आणि किनारपट्टीला ३७ पासूनच (दोन्हीकडे तापमान नेहमीपेक्षा साडेचार डिग्री तरी वर असायला लागतं), म्हणजे आपल्याकडे आकडा तसा लहानच. माझ्या मते झाडं उन्हाने कमी आणि मुळं शिजून जास्त मरतात. मी स्वतः एका मे महिन्यात स्लॅबवर ठेवलेल्या काळ्या प्लास्टिकच्या कुंड्यांमधली ७-८ झाडं घालवलीत, दुपारी दोनला पान मलूल दिसलं की लगेच नळी धरायचो, आणि त्या नळीत उन्हात पडून राहिलेलं पाणी म्हणजे अक्षरशः न्हाणीतल्या चुलीवरचं पाणी!

तर आधी झाडं कुठली ते बघू.

बोगनवेल डोळे झाकून लावा. खारा वारा, जांभ्याची माती, कोरडेपणा, सगळं चालतं तिला. रंगीत दिसतात ती फुलं नव्हेत, पानांचाच प्रकार, खरं फूल आतलं पांढरं बारीकसं. हिला लाडाने रोज पाणी घातलंत तर नुसती हिरवी वाढते, माती नीट सुकू द्यायची मग रंग धरते. चाफ्याचं पण तसंच, जाड फांदी तोडून आठवडाभर सावलीत चीक सुकू द्या आणि मग रोवा. कण्हेरही कणखर आहे पण विषारी, त्यामुळे लहान मुलं किंवा गुरं असतील तिथे मी तरी लावणार नाही.

जास्वंद देशी लाल घ्या. ती हायब्रीड मोठी फुलं दिसायला छान, पण उन्हाळ्यात कळ्या गाळत बसतात. कोरड्या दिवसात जास्वंदीवर पिठ्या ढेकूण (पांढरी कापसासारखी कीड) येतोच, मुंगळे खोडावरून वरखाली करायला लागले की समजायचं. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून तो धुवून काढा, मग लिटरला ५ मिली नीम ऑइल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा, दुपारी फवारलंत तर पानं करपतात.

पिटकुळी तर आपली रानातली, नर्सरीवाले तिलाच इक्झोरा म्हणून विकतात. हिला आंबट माती लागते म्हणून जांभ्याच्या मातीत खूश असते, पण सिमेंटच्या भिंतीला चिकटून लावली की चुन्यामुळे पानं पिवळी पडतात, दोन-तीन फूट लांब लावा.

मोगरा मात्र जानेवारीअखेर छाटायलाच हवा, कळी नव्या फुटीच्या टोकाला येते. छाटणीआधी ८-१० दिवस पाणी तोडायचं, छाटल्यावर शेणखत आणि पाणी, मार्चपासून गजरे. ऊन ५-६ तास हवंच. अबोलीला उलट दुपारची सावली द्या, माडाखाली मस्त येते. कुंडीसाठी सदाफुली आणि चिनी गुलाब, चिनी गुलाबाच्या पानातच पाणी साठलेलं असतं, दोन दिवस गावाला गेलात तरी तो तग धरतो.

आता मुळांचं. लाल माती नुसती भरली की सुकून चिऱ्यासारखी होते आणि पाणी कडेने वाहून जातं, म्हणून दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग कोकोपीट. कुंडी मातीची असेल तर उत्तम, प्लास्टिकची असेल तर ती मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या फटीत पातेरा (सुका पालापाचोळा) कोंबा, आणि थेट स्लॅबवर न ठेवता खाली दोन विटा द्या. मातीवर नारळाची सोडणं पसरा, पण ताजी नकोत, त्यात क्षार असतात, पावसात भिजून काळी पडलेली जुनी सोडणं कुठल्याही घराच्या मागे मिळतील. सावलीला शेडनेट घ्या ५० टक्केवाली, नाहीतर दोन झावळ्या टाका, फुकटचं काम.

पाणी पहाटे किंवा सूर्य कलल्यावर, आधी नळीतलं गरम पाणी बाजूला सोडून. दुपारी पान लोंबलं तर घाबरू नका, संध्याकाळी परत बघा, सावरलं असेल तर त्याला काही झालेलं नाही. शंका आली तर बोट दोन इंच मातीत घालायचं, ओल लागली की त्या दिवशी सुट्टी. विहिरीचं पाणी मे महिन्यात तळाला जातं तेव्हा हाच हिशोब कामी येतो. रासायनिक खत या दोन महिन्यात अजिबात नको, सुक्या मातीत मुळं जळतात, द्यायचंच तर पंधरा दिवसातून एकदा शेणाचं पातळ पाणी, ते पण ओल्या मातीवर.

आणि मृगाच्या आधी शेडनेट, सोडणं सगळं काढून घ्या, सदाफुलीच्या कुंड्या पडवीत आणा, उन्हाळाभर न मेलेली सदाफुली आपल्याकडे जुलैत कुजून जाते. थोडं बी आधीच काढून डबीत ठेवलेलं बरं.