मूल किरकिर करतंय, लक्ष देत नाही? लोहाच्या बाबतीत या चुका टाळा

मूल दिवसभर किरकिर करतं, पुस्तक घेऊन बसलं की दहा मिनिटांत उठतं, खेळताना दमतं, झोपेत पाय झाडतं. घरच्यांच्या मते ते हट्टी असतं, आळशी असतं, नाहीतर मोबाइलमुळे बिघडलेलं असतं. शरीरात लोह कमी आहे का, हे मात्र कुणी तपासत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या सुमारे 69 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाचं सगळ्यांत मोठं कारण लोहाची कमतरता हेच आहे.

लोह फक्त रक्तासाठी लागतं असं समजू नका. मेंदूतल्या चेतातंतूंवरचं आवरण तयार व्हायला आणि लक्ष, उत्साह सांभाळणारं डोपामिन हे रसायन बनायलाही ते लागतं. लोह कमी पडलं की शरीर ते आधी रक्ताला पुरवतं, त्यामुळे हिमोग्लोबिन उतरण्याआधीच मेंदूला टंचाई जाणवू शकते. कोस्टा रिकामध्ये तान्हेपणी दीर्घकाळ लोह कमी राहिलेल्या मुलांची 11 ते 14 व्या वर्षी पुन्हा तपासणी झाली. लहानपणी उपचार होऊनही त्यांच्यात चिंता, नैराश्य आणि लक्ष न लागण्याच्या तक्रारी इतर मुलांपेक्षा जास्त होत्या. ‘मोठं झालं की खाईल’ म्हणत पहिली दोन वर्षं घालवू नका, असं कळकळीनं सांगावंसं वाटतं ते यासाठीच.

पोट दुधानंच भरणं. ही चूक सर्वांत जास्त घरांत होते आणि तीही मायेपोटी. सकाळी बाटली, दुपारी जेवला नाही म्हणून बाटली, रात्री झोपताना परत बाटली. गाई-म्हशीच्या दुधात लोह जवळजवळ नसतंच, शिवाय दुधानं पोट भरलेलं मूल वरणभाताला तोंड लावत नाही. एक वर्षाच्या आत वरचं दूध मुख्य आहार म्हणून देऊ नका. त्यानंतर दिवसाला अर्धा लिटरच्या आत ठेवा, आणि तेही जेवणानंतर. सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधासोबत मऊ खिचडी, कुस्करलेली डाळ, अंडं, चालत असेल तर मासे-मटण सुरू करा.

चहा-बिस्कीट. चहातले टॅनिन जेवणातलं लोह शोषू देत नाहीत. लहान मुलाला चहा नकोच.

बीट आणि डाळिंबावर भिस्त. दोन्हींचा रंग लाल, पण लोह अगदी थोडं. पालकातलंही फारसं अंगी लागत नाही. मोड आलेली मटकी, चवळी, हरभरा, अळीव यांचा जास्त उपयोग होतो. वर लिंबू पिळा किंवा सोबत पेरू द्या, कारण क जीवनसत्त्वामुळे वनस्पतीतलं लोह जास्त शोषलं जातं. आमटी लोखंडी कढईत केली तर आणखी बरं.

शी काळी झाली म्हणून औषध बंद करणं. लोहाच्या औषधानं शी काळी होतेच, घाबरू नका. दातांवर डाग पडू नयेत म्हणून ड्रॉपरनं जिभेच्या मागच्या बाजूला सोडा आणि वर पाणी पाजा. दुधासोबत देऊ नका. हिमोग्लोबिन वाढल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर, साधारण दोन-तीन महिने, औषध चालू राहतं, कारण शरीरातला साठा भरायचा असतो.

महिनाभर औषध नीट देऊनही हिमोग्लोबिनचा आकडा हलला नाही तर नुसता डोस वाढवू नका. जंताची गोळी झाली आहे का पाहा. थॅलसेमिया, सिकलसेल हे रक्ताचे आनुवंशिक आजार आणि बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता यांबद्दल डॉक्टरांना विचारा. शुद्ध शाकाहारी आईचं बाळ सुस्त झालं, हसणं-बसणं विसरू लागलं किंवा हात थरथरू लागले, तर बी-12 ची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या.

आणि लोहाची बाटली, गोळ्या मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशाच ठेवा. एकदम जास्त गेलं तर ते विषारी ठरतं.