दवाखान्यात पेशंटची साखर सांभाळताना या चुका टाळा

इन्सुलिन दिलं साडेबाराला, डबा आला दोन वाजता. पावसात एसटी अडकली होती आणि आजींची सून डबा घेऊन त्यातच बसली होती. पावणेदोनला मी फेरीला गेले तर आजी नातीला विचारत होत्या, “गोरवां बांधलंस काय गे?” नातीला वाटलं, आजीला घर आठवतंय. मी कपाळाला हात लावला, तर थंडगार आणि घामाने चिकट. बोट टोचलं. साखर 48.

इन्सुलिन मीच दिलं होतं, डबा आला का हे न विचारता. सिंधुदुर्गातल्या वॉर्डात इतकी वर्षं काढल्यावर नातेवाइकांना पहिली गोष्ट मी हीच सांगते: ताट समोर आल्याशिवाय जेवणाचं इन्सुलिन घेऊ देऊ नका. साधं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास देतात, पण डबा गावाहून येणार असेल तर तसं सिस्टरला आधीच सांगा. पेशंटने दोनच घास पेज खाल्ली आणि ताट सरकवलं, तर तेही लगेच सांगा. “जेवले” एवढंच सांगून भागत नाही, किती जेवले ते सांगा. उलट, जेवण नाही म्हणून दिवसभराचं लांब पल्ल्याचं इन्सुलिनही परस्पर बंद करायचं नाही. टाइप 1 च्या पेशंटला त्याने जिवावर बेतू शकतं.

घाम, थरथर, धडधड, असंबद्ध बोलणं, अचानक चिडचिड यातलं काही दिसलं की साखर मोजायला सांगा. बीपीच्या काही गोळ्यांनी थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम मात्र सुटतो. साखर 70 च्या खाली आणि पेशंट शुद्धीवर असेल, गिळता येत असेल, तर अर्ध्या ग्लास पाण्यात तीन चमचे साखर द्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. तिथे शिरेतून ग्लुकोजच लागतं.

“170 आहे, कोणी बघतच नाही”

हे वाक्य रोज ऐकते. घरी उपाशीपोटी 100 बघायची सवय असते, त्यामुळे काळजी समजते. पण जंतुसंसर्ग, ऑपरेशन, ताप यांत शरीर स्वतःच साखर वाढवणारे हार्मोन सोडतं, म्हणून भरती असलेल्या बहुतेकांसाठी 140 ते 180 हीच पट्टी चालते. 2009 साली नाइस-शुगर नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आयसीयूतल्या सहा हजारांहून जास्त पेशंटपैकी ज्यांची साखर 81 ते 108 मध्ये दाबून ठेवायचा प्रयत्न केला, त्यांच्यात मृत्यू जास्त झाले. तेव्हा 170 ला घाबरून जादा डोस मागू नका.

उशीखालची गोळी

माझ्या मते सगळ्यांत धोकादायक चूक ही. भातलावणीच्या दिवसांत आमच्याकडे लेप्टोचे, म्हणजे उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाचे, पेशंट येतात. लेप्टोत मूत्रपिंडावर ताण येतो. अशा वेळी घरची ग्लिमेपिराइड, म्हणजे साखर उतरवणारी गोळी, “रोजचीच आहे” म्हणून गुपचूप दिली, तर ती शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. साखरेचं पाणी दिलं की आकडा वर येतो, दोन तासांनी पुन्हा पडतो, रात्रभर तेच चालतं. मेटफॉर्मिन ही साखरेची दुसरी गोळीही मूत्रपिंड बिघडलं की डॉक्टर थांबवतात. घरच्या सगळ्या गोळ्या पहिल्याच दिवशी पिशवीसकट सिस्टरच्या हातात द्या. मूत्रपिंडाच्या पेशंटला शहाळंही विचारल्याशिवाय नको. त्यात साखर आहेच, शिवाय पोटॅशियम भरपूर.

आकडा खोटा येतो तेव्हा

मे महिन्यात एका काकांची साखर एकदम 310 आली. इन्सुलिन भरायच्या आधी मी त्यांचा हात बघितला, तर बोटांना हापूसचा रस. आंबा स्वतः सोलला होता, खाल्ली होती एकच फोड. साबणाने हात धुऊन, कोरडा करून पुन्हा टोचलं: 164. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने तो चिकटा नीट जात नाही. ज्या हाताला ग्लुकोजचं सलाईन चालू आहे, त्या हातातूनही रक्त घेऊ नये.

दमेकऱ्याला स्टेरॉइड सुरू असेल तर सकाळची साखर चांगली दिसते आणि दुपारनंतर चढते. तिथे फक्त उपाशीपोटीच्या आकड्यावर विसंबू नका.

घरचं इन्सुलिन वापरत असाल तर सिरिंज बघा. आपल्याकडे बाटलीतलं बरंचसं इन्सुलिन 40 युनिटचं, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये 40 युनिट, असतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनच्या काडतुसातलं बहुधा 100 चं. काडतुसातलं औषध लाल टोपणाच्या सिरिंजने ओढलं तर 10 च्या खुणेला 25 युनिट आत जातात. पेन बिघडला म्हणून असं करू नका, नवा मागा.

डिस्चार्जच्या दिवशी घाई असते, रिक्षा बाहेर उभी असते. तरी डॉक्टरांना विचाराच: हा डोस किती दिवस घ्यायचा? घरच्या कुठल्या गोळ्या पुन्हा सुरू करायच्या, कधीपासून? ताप आणि जंतुसंसर्ग ओसरला की इन्सुलिनची गरज उतरते, आणि वॉर्डातला डोस घरी जास्त होतो. पहिला आठवडा उपाशीपोटी आणि रात्री झोपताना मोजा, वहीत लिहा, आणि 70 च्या खाली एकदा जरी आली तरी पुढचा डोस घ्यायच्या आधी फोन करा.