ऑटोमॅटिक स्कूटर : या चुका टाळा

"गिअरच नाहीत, मग बिघडणार काय?" नवी स्कूटर घेणाऱ्यांकडून हे वाक्य ऐकून कान किटले आहेत. पायाशी गिअर नाही, एवढंच खरं. डावीकडच्या कव्हरखाली दोन पुल्या, त्यांवर रबरी बेल्ट, पुढच्या पुलीत रोलर आणि इंजिनचा वेग वाढला की आपोआप पकडणारा क्लच, असा सगळा कारभार आहे. आपण त्याच्याकडे कधी बघत नाही आणि दुखणी तिथेच वाढतात.

माझा सगळ्यात जास्त राग चढावर रेस देऊन गाडी धरून ठेवणाऱ्यांवर आहे. मुंबईत केम्प्स कॉर्नरहून पेडर रोडकडे चढताना ट्रॅफिक अडला की बघा. ब्रेक नाही, पाय टेकलेला नाही, नुसत्या रेसवर गाडी तोलून उभे. अशा वेळी क्लचचे शू, म्हणजे फाकून पकडणारे तुकडे, त्यांच्याभोवतीच्या वाटीसारख्या भागाला, म्हणजे बेलला, पूर्ण पकडत नाहीत, घासत राहतात. बेल तापते, शू गुळगुळीत होतात आणि मग निघताना गाडी थरथरायला लागते. लोक गॅरेजात येऊन सांगतात, इंजिन हलतंय. इंजिनाचा काही दोष नसतो. मी चढावर मागचा ब्रेक दाबून रेस पूर्ण सोडतो आणि पुढची गाडी हलली की ब्रेक सोडत सोडत रेस देतो. दोन-चार दिवसांत हाताला सवय होते, पण तेवढाही धीर लोकांना नसतो.

दुसरी चूक पावसाळ्यातली, आणि ती फार महाग पडते. आमच्या परळच्या सोसायटीतल्या एका मुलानं हिंदमाता चौकात साचलेल्या पाण्यात स्कूटर घातली. मध्येच बंद पडली. ढकलत बाहेर आणली आणि लगेच सेल्फ मारला. एकदा नाही, चालू होईना म्हणून मारतच राहिला. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये शिरलं होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन अडला आणि त्याला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, वाकला. इंजिन उघडलं तेव्हा ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं. नुसता प्लग काढून किक हळूहळू मारली असती तर पाणी प्लगच्या भोकातून बाहेर आलं असतं. किक नसलेली गाडी असेल तर सेल्फला हात न लावता टेम्पोत टाका. पाण्यातून आलेल्या गाडीचं इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल मी दोन्ही बदलून घेतो. इंजिन चालू असूनही गाडी पुढे सरकत नसेल, तर बेल्ट ओला होऊन घसरतोय. कव्हरमधलं पाणी काढा, बेल्ट सुकू द्या, रेस पिळत बसू नका.

धक्का मारून ही गाडी चालू होत नाही. इंजिन फिरल्याशिवाय क्लच पकडतच नाही, त्यामुळे मित्रांना उगाच पळवू नका.

मागच्या चाकाजवळ न बदलणारे गिअर असतात, त्यांचं गिअर ऑइल वेगळं असतं. जेमतेम शंभर-सव्वाशे मिली, पण सर्व्हिसिंगला आपण विचारलं नाही तर बरेचदा तसंच राहतं. इंजिन ऑइल घेताना डब्यावर 'जासो एमबी' (JASO MB) वाचा, हा स्कूटरच्या ऑइलचा दर्जा आहे. 'एमए' हे ऑइलात बुडालेल्या क्लचच्या मोटरसायकलींसाठी असतं.

तेल लावलेला कागदी एअर फिल्टर हवा मारून साफ करायचा नसतो, बदलायचा असतो. बेल्टचंही तसंच. मॅन्युअलमध्ये दिलेले किलोमीटर भरले की तो चांगला दिसत असला तरी मी बदलतो. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर बेल्ट तुटला की इंजिन नुसतं ओरडतं, मागच्या चाकाला जोर मिळत नाही आणि भरधाव ट्रकांमधून गाडी कडेला घ्यावी लागते.