टुरिंग बाईकचा स्टिरिओ अपग्रेड करताय? या चुका टाळा

हार्ले-डेव्हिडसनची स्ट्रीट ग्लाइड किंवा रोड ग्लाइड पार्किंगमध्ये उभी असताना कंपनीचा स्टिरिओ झकास वाजतो. हायवेला लागून शंभरचा वेग गाठला की त्याच गाण्यातला तबला आणि बेस गायब होतो आणि उरतो तो कर्कश चुरचुराट. 2014 च्या मॉडेलपासून आलेल्या बूम बॉक्स रेडिओची ताकद प्रत्येक चॅनलला जेमतेम 25 वॅट, त्यामुळे अपग्रेडचा विचार चुकीचा नाही. पण हजारो रुपये ओतून आवाज नुसता मोठा होतो आणि गाणं काही कळत नाही, अशा बाईक भरपूर दिसतात. चुका जवळजवळ सगळीकडे त्याच असतात. इथे 2014 ते 2023 च्या बूम बॉक्सवाल्या बाईक धरल्या आहेत. 2024 च्या स्ट्रीट ग्लाइड आणि रोड ग्लाइडचं फेअरिंग (पुढचं कवच), स्क्रीन आणि वायरिंग सगळंच बदललं. त्यांच्यासाठी जुनं किट स्वस्तात मिळतंय म्हणून उचलू नका.

वॅट बघून खरेदी

खोक्यावरचे "600 वॅट मॅक्स" विसरून जा. बघायचे दोनच आकडे: आरएमएस वॅट (सतत देता येणारी ताकद) आणि स्पीकरची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॅटला तो किती डेसिबल आवाज देतो). 25 वॅटचे 50 केले की वाढ होते 3 डेसिबलची, म्हणजे कानाला थोडासाच फरक. आवाज दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात आणि त्यासाठी ताकद दहापट हवी. उलट 88 डेसिबलचा स्पीकर काढून 93 चा बसवला, तर त्याच अॅम्पवर (अॅम्प्लिफायरवर) तिप्पट वॅट दिल्यासारखा परिणाम मिळतो, तोही बॅटरीवर जादा भार न टाकता. म्हणून आधी स्पीकरवर खर्च करा.

कारमधले स्पीकर बाईकवर न चालण्याचं कारण वारा. हेल्मेटमधला वाऱ्याचा घोंगाट मुख्यतः खालच्या फ्रिक्वेन्सीचा असतो आणि तो बेस गिळून टाकतो. साडेसहा इंची स्पीकरकडून उघड्या हवेत 50 हर्ट्झचा ठोका मागणं म्हणजे त्याचा कोन फाडणं. टिकतो तो मिडबेस आणि मिडरेंज, म्हणजे गायकाचा आवाज, गिटार, ढोलाची थाप. बाईकसाठी बनवलेले स्पीकर याच पट्ट्यात जोर लावतात. घरात ऐकले तर ते जरा उग्र वाटतात, म्हणून दुकानात ऐकून नाकारू नका.

स्पीकरच्या इंपिडन्सकडेही (ओहममध्ये मोजला जाणारा रोध) तितकंच लक्ष द्या. अॅम्प 2 ओहमला स्थिर आहे असं लिहिलेलं नसेल तर 2 ओहमचे स्पीकर जोडू नका. पुढच्या स्पीकरला लोअर फेअरिंगचा स्पीकर पॅरलल जोडला की 4 ओहमचे 2 होतात आणि 2 चे 1. मल्टिमीटरवर 4 ओहमचा स्पीकर साधारण 3.2 ते 3.6 दाखवतो. त्यात काही बिघाड नाही.

वीज येणार कुठून?

सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. या बाईकची चार्जिंग सिस्टीम साधारण 50 अँपिअरची आणि बॅटरी 28 अँपिअर-अवरची. 4 चॅनल, प्रत्येकी 100 वॅटचा क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) अॅम्प घेतला तर पूर्ण जोरात तो किती खाईल? 400 वॅट भागिले 80 टक्के कार्यक्षमता म्हणजे 500 वॅट, भागिले 13.8 व्होल्ट, उत्तर सुमारे 36 अँपिअर. गाणं सतत पूर्ण जोरात नसतं, त्यामुळे सरासरी याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास राहते. हायवेवर हे सहज निभतं. सिग्नलला उभं राहून आयडलवर पूर्ण आवाज सोडला तर निभत नाही, कारण स्टेटर (इंजिनवर चालणारा जनरेटर) तिथे कमी देतो आणि उरलेलं बॅटरीतून जातं. दोन अॅम्प आणि सहा स्पीकर लावायचे असतील तर हा हिशेब आधी कागदावर करा. हीटेड ग्रिप्स, जादा दिवे आणि गरम जॅकेट त्यातच धरा.

अॅम्पची मुख्य वायर थेट बॅटरीच्या पॉझिटिव्हवरूनच घ्यायची. अॅक्सेसरी सॉकेटची वायर काही अँपिअरसाठीच असते, तिच्यावरून अॅम्प चालवला तर पहिल्या मोठ्या गाण्यालाच फ्यूज जातो. इनलाइन फ्यूज बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत हवा. तो अॅम्पजवळ लावणं निरुपयोगी, कारण टाकीखाली वायर घासून चेसिसला टेकली तर मधल्या तुकड्याला संरक्षणच राहत नाही. अॅम्पवर 40 किंवा 50 चा फ्यूज सांगितला असेल तर तोच घाला. "सारखा उडतोय" म्हणून 80 चा बसवणारे फ्यूजऐवजी वायर जाळतात.

वायर 8 गेजची घ्या, म्हणजे साधारण 8.4 चौरस मिलिमीटर. आपल्याकडे 10 चौरस मिलिमीटरची मिळते, ती उत्तम. तांबं शुद्ध हवं, शक्यतो कथिल चढवलेलं. स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर असते. कापून बघा, आतले धागे चंदेरी असतील तर जरा खरवडून पाहा. खाली तांबं लागलं तर ते कथिल, चंदेरीच राहिलं तर ॲल्युमिनियम. अशा वायरचा रोध दीडपटीच्या घरात जातो, व्हायब्रेशनने धागे तुटतात आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत लगखाली (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) पांढरी भुकटी जमते. लग क्रिंप करताना हॅमर किंवा पक्कड वापरू नका, षट्कोनी डायचं क्रिंपर घ्या आणि वर गोंदवाली हीटश्रिंक चढवा.

निगेटिव्ह फेअरिंगच्या ब्रॅकेटला देणं म्हणजे आळस. त्यावर पावडर कोटिंग असतं आणि तिथून चेसिसपर्यंत किती जोड आहेत याचा भरवसा नाही. पॉझिटिव्हइतकीच जाड वायर बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्या.

फेअरिंग उघडताना

बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. पुढच्या मडगार्डवर जाड टॉवेल टाका, कारण बॅटविंगचा (स्ट्रीट ग्लाइडच्या फेअरिंगचा) बाहेरचा भाग सुटताच त्यावरच येतो. हेडलाइटचा कनेक्टर सोडवण्याआधी कवच ओढू नका. स्क्रू काढले त्या क्रमाने एका कागदावर टोचून ठेवा, सगळे एकाच लांबीचे नसतात.

स्ट्रीट ग्लाइडचं बॅटविंग फोर्कला बसतं आणि हँडलबरोबर वळतं. रोड ग्लाइडचं शार्कनोज फ्रेमला बसतं, ते वळत नाही. वायर टाकताना हा फरक विसरला की महिन्याभरात काम परत. बॅटविंगमध्ये हँडल डावीकडे लॉकपर्यंत, उजवीकडे लॉकपर्यंत फिरवून पाहा. वायर कुठेही ताणली जाता कामा नये आणि स्टिअरिंग नेकजवळ चिमटताही कामा नये. तिथे चार-पाच सेंटिमीटरचा सैल वळसा ठेवा आणि त्यावर विणलेलं स्लीव्ह चढवा. केबल टाय करकचून आवळू नका, वायर थोडी सरकली पाहिजे.

स्पीकर बसवताना मागच्या चुंबकाची खोली आधी मोजा. गेज किंवा रेडिओला तो टेकत असेल तर स्पेसर लागेल. स्पीकर आणि प्लास्टिकच्या मध्ये बंद पेशींच्या फोमची पट्टी पूर्ण गोलाकार, एकही फट न ठेवता लावा. फट राहिली की मागची हवा पुढच्या हवेशी गाठ घालते आणि बेस निम्मा होतो. मग लोक स्पीकरला नावं ठेवतात. स्क्रू बॅटरीच्या ड्रिलने आवळणं टाळा, प्लास्टिकचे आटे एकदा गेले की व्हायब्रेशनने स्पीकर खडखडणार.

अॅम्प रेडिओच्या डोक्यावर घट्ट चिकटवून बसवला तर पुण्या-मुंबईच्या एप्रिलातल्या ट्रॅफिकमध्ये तो तापून बंद पडेल. भोवती किमान सेंटिमीटरभर हवा सोडा.

रेडिओलाही सांगावं लागतं

हा मुद्दा सर्वांत जास्त वेळा सुटतो. बूम बॉक्स कंपनीच्या स्पीकरला जपण्यासाठी आवाज वाढवला की स्वतःच बेस कमी करत जातो. नवे स्पीकर, नवा अॅम्प लावूनही वरच्या आवाजात गाणं पातळ वाटतं ते यामुळे. मागच्या स्पीकरचे चॅनलही सॉफ्टवेअरमधून चालू केल्याशिवाय मुके राहतात. उपाय म्हणजे रेडिओ फ्लॅश करणे, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर बदलणे. डीलरकडे कंपनीच्या टूलने होतं किंवा अॅम्प बनवणाऱ्याने दिलेल्या फाइलने. भारतात 2020 च्या करारानंतर हार्लेची विक्री आणि सेवा हिरो मोटोकॉर्पकडे आहे. बाहेरून किट मागवण्याआधीच सर्व्हिस सेंटरला फ्लॅश करून देणार का, विचारून घ्या. दुसरा मार्ग म्हणजे डीएसपी (आवाज डिजिटल पद्धतीने सुधारणारी चिप) असलेला अॅम्प, ज्यात हा उतार परत सरळ करता येतो.

रेडिओच्या स्पीकर वायरमधून सिग्नल घेताना मायनस कधीही चेसिसला जोडू नका आणि दोन चॅनलचे मायनस एकत्र करू नका. या आउटपुटच्या दोन्ही वायर चालत्या असतात, ग्राउंड केली की रेडिओची आउटपुट चिप जाते. अॅम्पला हाय-लेव्हल इनपुट (स्पीकरच्या वायरचा सिग्नल थेट घेण्याची सोय) नसेल तर मध्ये लाइन आउट कन्व्हर्टर हवा.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे

कानाने गेन लावणे, म्हणजे गाणं लावून पेचकस फिरवत राहणे, ही सगळीकडची पद्धत आणि ट्विटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) जळण्याचं पहिलं कारण. गेनचं काम रेडिओचा आउटपुट आणि अॅम्पचा इनपुट यांचा मेळ घालणं एवढंच. तो जास्त झाला की लाटेचे शेंडे छाटले जातात आणि ही छाटलेली लाट ट्विटरची कॉइल भाजते.

फ्लॅश आधी करा, गेन नंतर लावा, कारण फ्लॅशने आउटपुटची पातळी बदलते. मग:

स्पीकर सोडवा. रेडिओची बेस, ट्रेबल शून्यावर आणा. अॅम्पचा बेस बूस्ट बंद. रेडिओचा वेगानुसार आवाज वाढवण्याचा पर्यायही बंद करा, नाहीतर रस्त्यावर तोच तुम्हाला मर्यादेच्या वर ढकलेल. इंजिन चालू किंवा बॅटरीला चार्जर लावलेला असू द्या.

400 हर्ट्झचा 0 डेसिबलचा टेस्ट टोन वाजवा. 1000 हर्ट्झचा का नको? बऱ्याच स्वस्त मल्टिमीटरचं एसी व्होल्टचं मोजमाप 400 हर्ट्झपर्यंतच खात्रीचं असतं. व्हॉल्यूम तीन चतुर्थांश ठेवा.

आता अॅम्पच्या आउटपुटला मीटर लावून गेन हळू वाढवा. थांबायचं कुठे, ते वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. 100 वॅट, 4 ओहम असेल तर 400 चं वर्गमूळ 20 व्होल्ट. 100 वॅट, 2 ओहम असेल तर 14.1 व्होल्ट. 2 ओहमचे स्पीकर असताना कुठेतरी वाचलेला 20 चा आकडा लावला, तर हिशेबाने 200 वॅट मागितले जातात.

हाय-पास फिल्टर (ठरवलेल्या फ्रिक्वेन्सीच्या खालचा आवाज अडवणारा) फेअरिंगच्या साडेसहा इंचीला 80 ते 100 हर्ट्झवर ठेवा. तो पूर्ण उघडा सोडला की स्पीकर लवकर थकतो.

सॅडलबॅगचे 6 बाय 9 इंची स्पीकर

झाकणातला स्पीकर बेस देतो, हे खरं. पण झाकण दर वेळी उघडतं आणि वायर बिजागरीजवळ तुटते. मधे पाणी न शिरणारा क्विक कनेक्टर द्या, बॅग काढायला तोच उपयोगी. जोडाची वायर खाली लोंबती ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी कनेक्टरकडे न जाता वळणावरून टपकेल. बॅगची वजनमर्यादा स्पीकर आणि मागच्या अॅम्पसकट मोजा.

बिघडलंच तर

इंजिनच्या आरपीएमबरोबर चढउतार होणारी शीळ: आरसीए केबल (अॅम्पला सिग्नल देणारी) पॉवरच्या वायरला चिकटून चालली आहे किंवा निगेटिव्ह कच्चा आहे. अॅम्पकडच्या आरसीए पिना काढा. शीळ थांबली तर ती सिग्नलच्या बाजूने येत होती. थांबली नाही तर पॉवर आणि ग्राउंड तपासा.

आवाज भरपूर पण बेस नाही: एका स्पीकरची पोलॅरिटी उलट आहे. वायर अॅम्पपासून सोडवून स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. प्लस प्लसला असेल तर कोन बाहेर आला पाहिजे.

जोरात वाजवलं की अॅम्प बंद, आवाज कमी केला की चालू: बॅटरीच्या टोकांवर आणि अॅम्पच्या टोकांवर एकाच वेळी, मोठ्या आवाजात व्होल्टेज मोजा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर लग, फ्यूजहोल्डर किंवा वायर दोषी. फरक नसेल आणि अॅम्प हाताला पोळत असेल तर हवा नाही किंवा ओहम कमी पडतायत.

दोन दिवस उभी राहिली की बॅटरी बसते: रिमोट वायर (अॅम्पला चालू-बंद करणारी) कायम चालू असलेल्या लाइनला जोडली गेली आहे. गाणं नसतानाही अॅम्प जवळपास एक अँपिअर घेऊ शकतो, म्हणजे 28 अँपिअर-अवरची बॅटरी एका दिवसाच्या थोडी पुढेच टिकते. रिमोट इग्निशनबरोबर चालू-बंद होणाऱ्या लाइनवरून घ्या. किल्ली बंद करून काही मिनिटांनी बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर टाका. अॅम्पचा मुख्य फ्यूज काढल्यावर आकडा पडला, तर चोर सापडला. मीटर आत असताना किल्ली फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल.