हलकं आणि लांबी बदलता येणारं कयाकचं वल्हं कसं निवडावं

वल्हं घ्यायला निघालेला माणूस आधी वजन विचारतो, मग किंमत. लांबी बदलता येणारं वल्हं हवं असेल तर क्रम बदला: आधी लांबी, मग जोड (दांड्याचे दोन भाग एकमेकांत शिरतात ती जागा), मग वजन. वल्हं थोडं जड निघालं तर खांदे दुखतील, इतकंच. जोड कच्चा निघाला तर भर पाण्यात दोन तुकडे हातात येतील. आणि जोडाचे दोन्ही वैरी, खारं पाणी आणि रेती, गोव्यात फुकट आणि हवे तेवढे मिळतात.

लांबी

होडीची रुंदी मोजा, सगळ्यात फुगीर भागात. पाळोळेसारख्या किनाऱ्यावर भाड्याने मिळणाऱ्या, उघड्यावर बसायच्या प्लास्टिकच्या कयाक बहुधा ७५ ते ८५ सेंमी रुंद असतात. आत पाय घालून बसायच्या लांब, निमुळत्या कयाक ५५ ते ६२ सेंमी. रुंदी ६० सेंमीच्या आत असेल तर २१० ते २२० सेंमीचं वल्हं, ६० ते ७० असेल तर २२० ते २३०, ७० ते ८० असेल तर २३० ते २४०, त्यापुढे २४० ते २५०. ठेंगण्या माणसाने त्या टप्प्यातलं खालचं माप धरावं, उंच माणसाने वरचं. खरं महत्त्व बसल्यावरच्या उंचीला आहे. पाय लांब म्हणून वल्हं लांब लागत नाही. मासेमारीच्या कयाकला असते तशी खुर्चीसारखी उंच बैठक असेल तर मात्र दहा सेंमी वाढवा.

हे आकडे सुरुवातीपुरते. खात्री पाण्यातच होते. पातं पूर्ण बुडावं आणि दांडा जवळजवळ पाण्याबाहेर राहावा. बोटांची पेरं होडीच्या कडेला घासत असतील किंवा पातं बुडवायला प्रत्येक वेळी वाकावं लागत असेल तर वल्हं आखूड आहे. पातं होडीपासून फार लांब पडत असेल आणि होडीचं नाक सारखं डावी-उजवीकडे वळत असेल तर लांब आहे. खरेदीआधी भाड्याच्या कयाकवर ही परीक्षा स्वस्तात होते: टेप बरोबर न्या, तिथल्या वल्ह्याची लांबी आणि होडीची रुंदी टिपून घ्या, अर्धा तास वल्हवा आणि पाच-दहा सेंमी कमी हवं की जास्त ते ठरवा. टेप बघून भाडेवाला हसेल, हसू द्या.

लांबी बदलायचा टप्पा काही वल्ह्यांत दहा सेंमीचा असतो, काहींत पंधरा-वीसचा. तुमचं नेहमीचं माप टप्प्याच्या वरच्या टोकाला येणार नाही असं वल्हं घ्या. २३५ लागत असेल तर २२० ते २३५ वालं नको, २३० ते २४५ वालं बघा. पूर्ण लांब केल्यावर आतली नळी जोडात सगळ्यात कमी शिरलेली असते, त्यामुळे वल्हं तिथेच सर्वांत जास्त डुगडुगतं.

लांबी बदलल्यावर दांड्याचा मध्य सरकतो, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. डाव्या बाजूची नळी १० सेंमी बाहेर काढली की नवा मध्य ५ सेंमी डावीकडे जातो. हात जुन्याच जागी राहिले तर डावीकडचं पातं लांब पडतं आणि होडी एका बाजूला ओढत राहते. लांबी बदलली की वल्हं डोक्यावर आडवं धरा, दोन्ही कोपर काटकोनात आणा, मुठींपासून पात्यांपर्यंतचं अंतर दोन्हीकडे सारखं करून घ्या. नेहमीच्या दोन मापांसाठी दांड्यावर दोन रंगांची चिकटपट्टी लावली की पाण्यात अंदाज करावा लागत नाही.

जोड

बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात.

बटनाचा जोड सगळ्यात साधा. आतल्या नळीतून स्प्रिंगवरचं बटन बाहेरच्या नळीच्या भोकात बसतं. लांबीला दोन-तीन भोकं आणि कोनाला दोन-तीन, तेवढीच मोकळीक. कालांतराने भोक लंबगोल होतं आणि वल्हं खुळखुळायला लागतं. ॲल्युमिनियमच्या नळीत हे लवकर होतं, कारण बटन पोलादी आणि नळी मऊ.

लिव्हरच्या जोडात बाहेरची नळी टोकाला चिरलेली असते आणि लिव्हर ती आवळून धरते. लांबी आणि कोन दोन्ही हवे तसे ठेवता येतात. लिव्हरच्या मुळाशी बारीक स्क्रू असतो. पकड सैल झाली की तो पाव-पाव फेरा आवळायचा. लिव्हर बंद करताना अंगठ्याला ठसठशीत जोर लागला पाहिजे, पण दोन्ही हात लावावे लागत असतील तर स्क्रू जास्त आवळलेला आहे आणि नळी चिरेपासून तडकेल. गोव्यासाठी हाच प्रकार घ्या, कारण उघडून, धुऊन, वाळवून सगळा भाग डोळ्यांनी बघता येतो.

तिसरा पिळाचा, आत फुगणारा जोड. दिसायला नेटका, पण यंत्रणा नळीच्या आत. रेतीचे चार कण गेले की पीळ घट्ट झालाय की रेतीमुळे अडकलाय ते कळत नाही. नदीत चालेल, लाटांतून किनाऱ्यावर उतरणाऱ्याने टाळावा.

दुकानात जोड असा तपासा. वल्हं तुमच्या मापाला लावा, मग पूर्ण लांब करून हेच परत करा. जोडाच्या दोन्ही बाजूंना एकेक वीत सोडून पकडा आणि ओला टॉवेल पिळावा तसं उलटसुलट पिळा. नळ्या एकमेकींत फिरल्या तर लिव्हर आवळून पुन्हा बघा. तरी फिरल्या तर वल्हं परत ठेवा. मग जोड कानाशी नेऊन वल्हं हलवा. ‘टक’ असा बारीक आवाज म्हणजे नळ्यांत फट आहे. आज केसाएवढी फट, वर्षभरात ती जाणवण्याइतकी होते, कारण प्रत्येक वल्ह्यागणिक तिथे घासतं. शेवटी जोड सोडून आतली नळी बघा: पूर्ण लांबीवरसुद्धा निदान मूठभर भाग आत राहतो का, आणि मापाचे आकडे कोरलेले आहेत की नुसते छापलेले. छापलेले घासून जातात.

कार्बनच्या दांड्यात ॲल्युमिनियमचा जोड असेल तर नको म्हणा. खाऱ्या पाण्यात हे दोन पदार्थ एकमेकांना लागून राहिले की ॲल्युमिनियम गंजतं, पांढरी पूड धरते, ती फुगते आणि जोड अडकतो.

पात्यांमधला कोन

दोन पाती एकाच पातळीत ठेवण्याऐवजी एकमेकींशी कोनात फिरवली की वरचं पातं समोरचा वारा कापत जातं. आपल्याकडे दुपारनंतर वारा समुद्राकडून येतो. सकाळी मांडवीतल्या चोडण बेटाच्या खारफुटीत गेलेला माणूस दुपारी रायबंदरवरून पणजीकडे परतताना हा वारा तोंडावर घेतो. तेव्हा ३० ते ४५ अंशांचा कोन आणि पाच सेंमी आखूड दांडा बरा पडतो: वल्ही भरभर पडतात, प्रत्येक वल्ह्याला जोर कमी लागतो. ६० अंश मनगटाला जाचतात. वारा बाजूने असेल तर कोन शून्यावर आणा, नाहीतर वरच्या पात्याखाली शिरून वल्हं उपटायला बघतो. डावखुऱ्यांनी कोन दोन्ही दिशांना फिरतो का ते आवर्जून बघावं. काही वल्ह्यांत फक्त उजव्या हाताचीच सोय असते.

वजन

ॲल्युमिनियमचा दांडा आणि प्लास्टिकची पाती असलेलं वल्हं एक किलोच्या वर जातं. फायबरग्लासचं साधारण ८०० ते ९५० ग्रॅम, पूर्ण कार्बनचं ६५० ते ७५०. मिनिटाला ५० वेळा वल्हं मारलं तर तासाला ३,००० होतात. दर वेळी पूर्ण वजन उचललं जात नाही हे खरं, तरी २५० ग्रॅमचा फरक तासाभरात शेकडो किलोंचा होतो.

लेबलवरच्या आकड्यावर मात्र भिस्त ठेवू नका. काही जण तो सगळ्यात आखूड मापाचा देतात, काही बदलत्या जोडाशिवायचा. सामान तोलायचा हातकाटा जवळ असू द्या. त्याहून महत्त्वाचं, वजन कुठे आहे ते बघा. वल्ह्याचे दोन भाग वेगळे करा आणि एक भाग बोटावर आडवा तोला. तोल पात्याच्या जितका जवळ, तितकं पातं जड. सारख्या वजनाच्या दोन वल्ह्यांपैकी ज्याचा तोल जोडाकडे येतो ते हातात हलकं लागतं, कारण पातं दर वेळी खांद्याच्या उंचीपर्यंत झुलतं आणि जोड जवळजवळ जागेवरच असतो. म्हणून पैसे मोजके असतील तर ते आधी पात्यांवर खर्च करा.

पातं

गोव्यात याचा निर्णय कालवं, म्हणजे दगड-खांबांना चिकटून वाढणारे शिंपले, करतात. खारफुटीची मुळं, फेरीधक्क्यांचे खांब, मानशीच्या (बांधातून खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराच्या) आसपासचे दगड, सगळीकडे कालवं चिकटलेली, आणि त्यांची कड ब्लेडसारखी. कार्बनच्या पात्याची कड त्यावर आपटली की टवका उडतो. नायलॉनच्या पात्यावर फक्त ओरखडा येतो. ते थोडं वाकतं आणि पाणी थोडं निसटू देतं, पण टिकतं. फायबरग्लास दोघांच्या मधलं. नदी-खाड्यांत फिरणाऱ्याला फायबरग्लासचा किंवा कार्बनचा दांडा आणि काच मिसळलेल्या नायलॉनची पाती हा सर्वांत शहाणा सौदा. उघड्या समुद्रात लांब जाणाऱ्याने पूर्ण कार्बन खुशाल घ्यावं, खडकाशी लागताना जपून वापरावं म्हणजे झालं.

लांबट, अरुंद पातं संथ आणि आडव्या वल्हवण्याला. रुंद, आखूड पातं उभ्या आणि जोरकस वल्हवण्याला. नवख्याने लांबट घ्यावं. रुंद पातं पाणी जास्त धरतं, म्हणून पहिल्या तासात दमदार वाटतं आणि दुसऱ्या तासात खांदा धरतो. पात्याच्या पोटाला मधोमध लांबीभर हलका उंचवटा असेल तर पाणी दोन्हीकडे सारखं निसटतं आणि पातं फडफडत नाही. ओहोटीला चिखलात रुतलात तर पात्याने टेकू देऊन होडी ढकलू नका. मान, म्हणजे पातं आणि दांडा मिळतात ती जागा, तिथेच तुटते.

दांड्याचं थोडक्यात: नेहमीची जाडी ३२ मिमीच्या आसपास, लहान हातांसाठी त्याहून दोन-तीन मिमी बारीक दांडे मिळतात. कार्बन वीज वाहून नेतो, हेही ध्यानात ठेवा. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात गडगडाट ऐकू आला की काठ गाठा. वल्हं कशाचंही असो.

ऑनलाइन मागवताना

वल्हं हातात घेऊन तोलून बघता येत नाही, म्हणून तीन गोष्टी आधी विचारा: तुमच्या मापाला वजन किती, जोड कोणत्या प्रकारचा, आणि लिव्हर किंवा बटन सुटं मिळतं का. सुटं मिळत नसेल तर एक स्क्रू हरवला की सगळं वल्हं अडगळीत. पार्सल आलं की परत करायच्या मुदतीतच पिळून आणि कानाशी हलवून बघा. बादलीत एकेक भाग उभा बुडवूनही बघा: नळीतून बुडबुडे येत राहिले तर आतलं बूच गळतंय आणि सुटा पडलेला भाग पाण्यात बुडेल. स्कूटरवरून नेण्यासाठी चार तुकड्यांचं वल्हं सोयीचं, पण दोन जोड वाढतात आणि वजनही. गाडीच्या टपावर जागा असेल तर दोनच तुकड्यांचं घ्या.

निगा

पाण्यातून आल्यावर लगेच जोड सोडा. दोन्ही भाग गोड्या पाण्याने धुवा, नळीत पाणी ओतून रेती बाहेर काढा, सावलीत वेगवेगळे वाळवा. जोडून ठेवलेलं वल्हं एका रात्रीतही चिकटू शकतं. तेल, ग्रीस, खोबरेल काहीही जोडाला लावू नका: लिव्हर घसरते आणि रेती चिकटून बसते. पावसाळ्यात ठेवून देताना लिव्हर उघडी ठेवा.

जोड अडकलाच तर हातोडी नको. जोडावर कोमट गोडं पाणी ओतत राहा, म्हणजे मीठ विरघळेल. मग बाहेरच्या नळीवर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळा आणि ती जराशी फुगते तोवर दोघांनी दोन टोकं धरून पिळत-पिळत ओढा. सरळ झटका दिलात तर भाग सुटताना कोपर लागेल. सुटल्यावर आतली नळी पॉलिश पेपरने घासायचा मोह होईल. ॲल्युमिनियमवरची पांढरी पूड मऊ ब्रशने काढा, कार्बनला पेपर लावूच नका, कारण तिथे घासून गेलेला पापुद्रा परत येत नाही आणि जोड कायमचा ढिला होतो.