कार्पेट धुताना रिन्सच्या आणि मशीनच्या या चुका टाळा

धुतलेलं कार्पेट पंधरा दिवसांत पुन्हा मळलं की केमिकलच्या ब्रँडला शिव्या बसतात. केमिकल बहुतेक वेळा चांगलंच असतं, फक्त ते कार्पेटमधून पूर्ण काढलेलं नसतं.

टाकीत शॅम्पू भरणं. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. आयटी ऑफिसचा मजला, नायलॉनच्या कार्पेट टाइल्स, शुक्रवारी रात्रीचं काम. प्री-स्प्रेला (आधी केमिकल फवारून मळ सैल करायला) वेळ नाही म्हणून शॅम्पू थेट एक्स्ट्रॅक्शन मशीनच्या (पाणी फवारून लगेच परत ओढून घेणाऱ्या मशीनच्या) टाकीत, तोही हाताला येईल तेवढा. शनिवारी सगळं चकाचक आणि दुसऱ्या आठवड्यात लिफ्टपासून पॅन्ट्रीपर्यंत काळपट पट्टा! शॅम्पू सुकून धाग्यावर चिकट थर बसतो आणि तो बुटांची धूळ धरून ठेवतो. तक्रार आली की पोरं तोच शॅम्पू दुप्पट घेऊन जातात आणि थर आणखी जाड होतो. अशा कार्पेटवर आधी नुसतं गरम पाणी फिरवा. खराब पाण्याच्या टाकीत फेस यायचा थांबला की मगच अॅसिड रिन्स (उरलेलं केमिकल काढायचं, किंचित आम्ल असलेलं शेवटचं पाणी) घ्या.

सिंथेटिक कार्पेटसाठी क्रम असा: कोरडं व्हॅक्यूम, अल्कलाइन प्री-स्प्रे, ब्रश, १० ते १५ मिनिटं थांबणं (सुकू द्यायचं नाही) आणि शेवटी रिन्स. थांबायचा कंटाळा करणाऱ्याने हे काम घेऊच नये.

रिन्स अंदाजाने ओतणं. पीएच पट्टी (पाणी आम्ल की अल्कलाइन ते रंगाने दाखवणारा कागद) खिशात हवीच. टाकीतल्या पाण्याचा पीएच ४ ते ५ आणि धुतल्यावर ओल्या कार्पेटवर ६ ते ७ दिसायला हवं. बोअरच्या जड पाण्यातले बायकार्बोनेट बरंचसं अॅसिड खाऊन टाकतात, त्यामुळे लेबलवरचं प्रमाण तिथे कमी पडतं. थोडं वाढवा, पुन्हा पट्टी लावा.

टॉयलेट क्लीनर हे अॅसिड रिन्स नव्हे. त्यातल्या हायड्रोक्लोरिक अॅसिडने नायलॉन खराब होतो.

लोकरीवर ८.५ च्या वरचा पीएच आणि खूप गरम पाणी नको. मागे ज्यूट असेल तर कमीत कमी पाणी, नाहीतर सुकताना तपकिरी डाग वर येतो.

मशीनची ओढ (पाणी खेचायचा जोर) कमी झाली की मोटरला दोष देणं. आधी होज (ओढीचा पाइप) मशीनजवळ काढून मशीनच्या तोंडावर तळवा धरा, मग होज परत जोडून वँडच्या (कार्पेटवर फिरवायच्या दांड्याच्या) टोकाला धरा. मशीनजवळ जोर आहे आणि वँडजवळ नाही, तर गळती होजमध्ये, कफमध्ये (होजच्या टोकाच्या जोडणीत) किंवा वँडच्या जोडात. मशीनजवळच जोर नसेल तर झाकणाचं गास्केट (रबरी सील) आणि लिंट फिल्टर (धागे-कचरा अडवणारी जाळी) बघा. सहा मीटरच्या खोलीत पंधरा मीटरचा होज जोडू नका, ओढ वाटेतच मरते. एक ओला हात (फवारा सुरू ठेवून) मारला की त्याच पट्ट्यावर किमान दोन कोरडे हात (फवारा बंद, नुसती ओढ). डिफोमर (फेस मारणारं केमिकल) खराब पाण्याच्या टाकीतच टाका. फेसाने फ्लोट (टाकी भरली की ओढ बंद करणारा तरंगता गोळा) वेळेवर उचलला जात नाही आणि पाणी मोटरमध्ये शिरतं.

तुंबलेल्या जेटमध्ये (पाणी फवारणाऱ्या बारीक तोंडात) टाचणी खुपसणं. भोक मोठं होतं, फवारा वाकडा पडतो आणि कार्पेटवर पट्टे उमटतात. जेट रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ठेवा. काम संपल्यावर टाकीभर साधं पाणी पंपातून सोडलंत तर हा त्रास क्वचितच होतो.

जुलै-ऑगस्टमध्ये ऑफिस रात्रभर एसी सुरू ठेवायला तयार नसेल, तर ते काम पुढे ढकला. बंद हॉलमध्ये ओलं कार्पेट सोमवारपर्यंत कुबट वास मारतं, आणि त्या वासावर कुठलाही रिन्स चालत नाही.